नव्या धावपट्टीवरील पांढऱ्या फुल्या परत अंथरण्याबाबत

प्रति,
मा. महासंचालक,
विमानतळ प्राधिकरण,
मुख्य कार्यालय.

(योग्य मार्गाने. आगाऊ प्रत जीपचालकाच्या हस्ते.)

विषय : अपूर्ण धावपट्टीवरील फुल्या उद्घाटनाआधी पूर्ववत अंथरण्याबाबत व शोभेचे दिवे विमान उतरेपर्यंत बंद ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) विमानतळ संचालकांचा तोंडी आदेश. २) त्यावरील माझी निवेदने (उत्तर अप्राप्त). ३) मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस (ती मात्र तत्काळ प्राप्त).

महोदय,

सविनय सादर करतो, की मी या विमानतळावर कार्यचालन अधीक्षक आहे. विस्ताराचे काम चालू असताना एका बाजूला विमाने उतरत असतात, दुसऱ्या बाजूला नवी धावपट्टी बांधली जात असते, आणि या दोहोंची गाठ पडू नये, यासाठी मला पगार मिळतो. थोडक्यात, घाबरणे हेच माझे काम आहे, आणि ते मी आजवर चोख केले आहे. कार्यालयात माझ्या माघारी मला 'भागूबाई' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

हा अर्ज नियमानुसार विमानतळ संचालकांमार्फत यायला हवा व तसा तो मी त्यांच्याकडे दिलाही आहे. परंतु तक्रार त्यांच्याच आदेशाविरुद्ध असल्याने तो त्यांच्या टेबलावरून किती पुढे सरकेल, हे आपण जाणताच. सबब ही आगाऊ प्रत जीपचालकाच्या हाती पाठवत आहे. तो केवळ माझ्या शब्दाखातर आला आहे. कृपया त्याच्यावर राग काढू नये व त्याला बाहेर ताटकळत ठेवू नये.

१. बांधकाम चालू असलेली धावपट्टी वरून पाहिली, तर चालू धावपट्टीसारखीच दिसते. म्हणून तिच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या जाड कापडाची एकेक भलीमोठी फुली अंथरलेली असते. फुली दिसली, की वैमानिक समजतो, इथे उतरायचे नाही. माझ्या विभागाची माणसे रोज सकाळी त्या फुल्या झटकत, सुरकुत्या काढत आणि कडांवर दगड ठेवत. उद्घाटनाच्या पत्रिकेसाठी वरून फोटो काढले गेले, त्यात साहजिकच फुल्याही आल्या. ते फोटो पाहून संचालक मला म्हणाले, "एवढं देखणं काम, आणि त्यावर तुम्ही फुली मारून ठेवलीत? बघणाऱ्याला वाटेल, सगळं रद्द झालं!" मी नम्रपणे म्हणालो, "तूर्त रद्दच आहे, साहेब." त्यांना 'तूर्त' या शब्दाचा राग आला की 'रद्द'चा, हे मला कळले नाही. त्याच दुपारी फुल्या गुंडाळून नेण्यात आल्या.

२. पुढचा प्रकार दिव्यांचा. समारंभ दिवेलागणीला असल्याने नव्या धावपट्टीच्या दोन्ही कडांना शोभेचे पांढरे दिवे लावले आहेत. अगदी सरळ रेषेत, समान अंतरावर, कारण कंत्राटदाराची माणसे कामाला पक्की आहेत. याउलट जुन्या, म्हणजे खऱ्या धावपट्टीच्या दिव्यांची केबल खोदकामात तुटली असून ते जनरेटरवर कसेबसे मिणमिणतात. परिणामी खरी धावपट्टी खोटी वाटते आणि खोटी लग्नघरासारखी झगमगते. मी हे संचालकांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." हेच त्यांचे उत्तर समजावे काय, असे मी लेखी विचारले. त्याचेही उत्तर नाही.

३. आता जे घडले, ते घाईने लिहीत आहे. अक्षर वाकडे आल्यास क्षमा असावी.

माझी धाकटी बहीण कंत्राटदाराकडे सर्वेक्षक आहे. नव्या डांबराची पातळी मोजणे हे तिचे काम. परवा संध्याकाळी दिव्यांची चाचणी चालू होती. ती धावपट्टीच्या मधोमध मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई मांडून, रोलरच्या आवाजामुळे कानांवर जाड कानबंद लावून, विमाने येतात त्या दिशेला पाठ करून वाकून उभी होती. मी जीपमधून कडेकडेने येत होतो. समोरून संध्याकाळचे विमान उतरत होते. रोजच्यापेक्षा ते जरा उजवीकडे वाटले. मग आणखी उजवीकडे आले. मग माझ्या लक्षात आले, की ते आमच्याच दिव्यांकडे येत आहे.

साहेब, मी जीपमधून उडी मारली आणि धावत सुटलो. मला धावण्याची सवय नाही. ओरडत होतो, पण तोंडातून काय निघत होते, ते माझे मला ठाऊक नाही. रोलरवाल्याने रोलर सोडून शेताकडे धूम ठोकली. बहिणीने वर पाहिले, मला पाहिले, आणि हसून हात केला. तिच्या मागे विमानाची चाके खाली आलेली मला दिसत होती, आणि ती मला हात करत होती. तेवढ्यात नियंत्रण मनोऱ्यातील बाईंनी वैमानिकाला वर उचलायला सांगितले व विमान वर गेले. बहिणीचे शिरस्त्राण उडाले, तिपाई आडवी झाली, डांबरावर अंथरलेले सगळे कागद आकाशात गेले. ती खाली बसली. मी पोहोचलो, तेव्हा ती कानबंद काढून म्हणाली, "दादा, असा का धावत आलास? चहा आलाय का?" नंतर तिने वर, दूर जाणाऱ्या विमानाकडे पाहिले. मग मात्र तिने माझी बाही घट्ट धरली, आणि मीही तिच्या शेजारी त्या गरम डांबरावर बसून राहिलो.

वैमानिकाचा दोष नाही. नवी धावपट्टी बंद असल्याची लेखी सूचना त्याला होती, मनोऱ्यानेही सांगितले होते. पण दमलेल्या माणसाच्या कानात एक असले आणि डोळ्यांसमोर दुसरे आले, की तो डोळ्यांचे ऐकतो. म्हणून तर फुली असते.

४. सदर घटनेचा अहवाल मी तासाभरात सादर केला. त्यावर संचालकांनी विचारले, "विमान उतरलं का तिथे? नाही ना? मग झालं काय?" दुसऱ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. आरोप दोन : बांधकाम क्षेत्रात शिरस्त्राणाविना धावणे, व तेथे कर्मचाऱ्यांमध्ये घबराट पसरवणे. दुसरा आरोप मला मान्य आहे. नव्हे, ती पुरेशी पसरली नाही, याचेच दुःख आहे. सोबत असेही तोंडी सांगण्यात आले, की समारंभ आटोपेपर्यंत विमानतळ बंद करण्याचा अथवा विमान परतवण्यास सांगण्याचा माझा अधिकार स्थगित आहे. दिव्यांचे बटण कंत्राटदाराच्या खोलीत असून त्या खोलीला कुलूप आहे.

५. यावर कडी म्हणजे उद्याचा कार्यक्रम. आपण व इतर पाहुणे संध्याकाळच्या विमानाने येणार आहात. विमानातून आपल्याला कामाची भव्यता एका नजरेत दिसावी, म्हणून सर्व कामगारांना नवे कोरे कपडे घालून, दिव्यांच्या आत, नव्या धावपट्टीवर दोन रांगांत उभे करायचे ठरले आहे. विमान दिसताच सर्वांनी हात हलवायचे. सर्वांत पुढे, विमान जिथून येते त्याच टोकाला, पुष्पगुच्छ घेऊन एक महिला कर्मचारी. कंत्राटदाराकडे महिला कर्मचारी एकच आहे.

मी तिला म्हणालो, उद्या घरी राहा, पोट दुखतंय म्हणून सांग. ती म्हणाली, "दादा, रोलरवाला उभा राहणार, डांबरवाले उभे राहणार, आणि मी घरी पांघरूण घेऊन पडू? तू फुल्या परत टाक, म्हणजे मी कुठेही उभी राहीन." तिचे म्हणणे रास्त आहे. तिला घरी ठेवून बाकीच्यांना उभे केले, तर मला झोप लागेल, असेही नाही.

६. फुल्या परत टाकण्याचा मी प्रयत्न केला. त्या कुठे आहेत, हे कोणी सांगेना. भांडारवाला म्हणाला, सजावटवाल्याने नेल्या. सजावटवाल्याकडे गेलो, तर त्याने अभिमानाने वर बोट दाखवले. पांढरे कापड जाड, धुतलेले, मजबूत. आयते मिळाले म्हणून त्याने ते उसवून, जोडून समारंभाच्या व्यासपीठाचे छत केले आहे. महोदय, उद्या आपण ज्या छताखाली बसून भाषण कराल, त्या आमच्या फुल्या आहेत. मी सजावटवाल्याच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, छत काढले तर पाहुण्यांच्या डोक्यावर काय, आभाळ?

७. जोडलेला सुरक्षितता दाखला पाहावा. 'बांधकाम क्षेत्र विमान वाहतुकीस निर्धोक आहे' या ओळीखाली माझी स्वाक्षरी हवी आहे. मी ती केलेली नाही व करणार नाही. मी सही न केल्यास उपअधीक्षक करतील, असे मला सांगण्यात आले. करोत बापडे. त्यांची बहीण बँकेत आहे.

सबब विनंती, की आपण आज एक फोन करावा. एवढेच सांगावे, की विमान जमिनीवर टेकेपर्यंत दिवे लागणार नाहीत व धावपट्टीवर कोणी उभे राहणार नाही. नंतर हवे तितके दिवे लावावेत, हवे तितके हात हलवावेत. मीही हलवीन. आपल्या एका शब्दाने जे होईल, ते माझ्या शंभर निवेदनांनी झाले नाही.

परंतु फोन न आल्यास काय, याचाही विचार करणे माझ्या कामात येते, म्हणून पुढील गोष्ट आपल्या माहितीस्तव नमूद करतो. आमच्या घरातल्या सर्व चादरी काढल्या आहेत. पांढऱ्या थोड्याच निघाल्या, बाकी फुलाफुलांच्या आहेत. शेजारच्यांनीही दिल्या, कारण विचारले नाही. माझी पत्नी व आई सकाळपासून त्या जोडत आहेत. दगड कंत्राटदाराने उचलून नेले असल्याने वाऱ्याने चादरी उडू नयेत, म्हणून चारी टोकांवर माणसे बसवावी लागतील. एका टोकावर मी, एकावर पत्नी, एकावर जीपचालक. चौथ्या टोकावर रोलरवाला बसतो म्हणाला. तो परवा पळाला होता, आणि तेव्हापासून त्याला चैन नाही. फुली जिथे अंथरणार, ती जागा बहिणीच्या जागेच्याही पुढे आहे. म्हणजे विमान आलेच, तर आधी आमच्याकडे येईल.

मला फार भीती वाटते आहे, साहेब. हे लिहिण्यात लाज कसली? रात्रभर तीच चाके दिसतात आणि तिचा तो हलणारा हात.

आईला आम्ही परवाचे काही सांगितलेले नाही. तिला एवढेच ठाऊक आहे, की ऑफिसला काहीतरी मोठे शिवून हवे आहे. मघाशी सुईत दोरा ओवताना तिने विचारले, "अरे, एवढी मोठी फुली कोणाला दाखवायची आहे?" मी म्हणालो, मोठ्या साहेबांना. ते उद्या वरून येणार आहेत.

तरी उद्या विमान खाली येऊ लागले, की आपण कृपया खिडकीबाहेर पाहावे. जी धावपट्टी जास्त सुंदर दिसेल, ती खरी नव्हे. तिच्या टोकाला फुलाफुलांची फुली दिसली, तर वैमानिकाला हाक मारावी. तो मनोऱ्याचे ऐको न ऐको, आपले ऐकेल.

आपला नम्र व भयभीत,
(स्वाक्षरी)
कार्यचालन अधीक्षक

दिनांक : उद्घाटनाचा आदला दिवस

सोबत :
१) सुरक्षितता दाखला, स्वाक्षरीविना.
२) कारणे दाखवा नोटीस.
३) चादरीचा तुकडा, वरून ओळख पटावी म्हणून.