प्रत्येक पानाचा पहिला शब्द

सोमवार, ३
बहीण मेल्याचं मला एकवीस दिवसांनी कळवलं. तेही कार्डावर दोन ओळी: जिन्यावरून पाय घसरला, सामान पाठवत आहोत. सामान म्हणजे एक कंगवा, चष्मा आणि दाभण. सहा वर्षं त्या जादूच्या खेळवाल्याची पुस्तकं शिवली पोरीनं आणि परत आलं ते एवढंच. माझं तिच्याशी वाजलं होतं, ते खरं. घर सोडून त्या खेळवाल्याकडे गेली म्हणून मी बोलणं टाकलं. शेवटी तिची तीन पत्रं आली, ती न फोडता शेगडीत घातली. तो आमच्या घरातला राग होता. पण ती कशी मेली हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. म्हणून आज तिच्याच जागेवर कामाला लागले. मी तिची बहीण, हे इथे कुणाला माहीत नाही.

जागा मात्र झकास. टेबल लांबरुंद, लोखंडी दाबयंत्र अस्सल, खळ शिजवायला वेगळी शेगडी, वरच्या झरोक्यातून दुपारभर ऊन. मागे लाकडाची वखार आहे, तिची करवत कान किटवते, पण होईल सवय. कपडे सांभाळणारी शिंपीण बोलकी आहे. म्हणाली, बरं झालं बाई आलात, इथल्या पुरुषांच्या हाती सुई दिली तर स्वतःचंच बोट शिवून घेतील. हसले. कितीतरी दिवसांनी.

एकच खटकलं. या खोलीला कडी बाहेरून आहे, आतून नाही. शिंपीण म्हणाली, गुपितांना पाय फुटू नयेत म्हणून.

बहिणीच्या खणात कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. त्याचीच ही वही शिवली. मी चौथी शिकलेली, पण घडेल ते लिहून ठेवणार.

बुधवार, ५
मनकवडा आज मला रद्दीवाल्याकडे घेऊन गेला. पोस्टरवर तो स्वतःला हेच म्हणवतो. त्याचा खेळ असा: प्रेक्षकानं पुस्तक कुठेही उघडायचं, पानावरचा पहिला शब्द मनात वाचायचा, आणि हा डोळ्यांना पट्टी बांधून दहा हातांवरून तो सांगणार. लोक थक्क होतात. खरं म्हणजे सगळ्या पानांवर पहिला शब्द एकच असतो, आणि तो घालतो आम्ही. तो पुस्तक उघडूनसुद्धा बघत नाही. इतका भरवसा.

मी काळ्या चामड्याचं, कवटी उठवलेलं एक जाडजूड पुस्तक उचललं. त्यानं हातातून काढून घेतलं. म्हणाला, बाई, कवटी बघून लोक हसतात, त्यांना घाबरवायचं तर वाणसामानाची यादी पाहिजे. मग एका मेलेल्या बाईची रोजनिशी निवडली. दूध नासलं, पोराला खोकला, चादरी धुतल्या, असलं सगळं. कपाचा गोल डाग, मोडलेली पाठ. म्हणाला, नव्याकोऱ्या वस्तूचा संशय येतो, वापरलेलीवर माणूस डोळे मिटून विश्वास टाकतो. धंद्यात हुशार आहे, ते मी नाकारत नाही.

तशीच एक मी हातानं लिहायची. प्रत्येक पानाचा पहिला शब्द 'दिवा'. माझं अक्षर बघून तो थबकला. आधीच्या बाईंच्या वळणाचं वाटतं म्हणाला. मी म्हटलं, चौथी शिकलेल्या बायकांचं सारखंच असतं. तसं नाही खरं तर. ती डावखुरी, तिची अक्षरं मागे रेलायची. माझी सरळ उभी.

सोमवार, १०
दिवाळी-दसरा असल्यासारखं त्याचं अख्खं घर झाडून काढलं, एकच गोष्ट शोधायला. या घराला जिना नाही.

शिंपिणीला गाठलं. आधी उडवाउडवी, मग रडायलाच लागली. माझी बहीण नोकरी सोडून निघाली होती. पुस्तक पुरं होईतो जायचं नाही म्हणून यानं कडी लावली आणि सगळ्यांना घेऊन गावोगावच्या खेळांना गेला. शेजाऱ्याला तिचं जेवणखाण बघायला सांगून आलोय म्हणाला. सांगितलं नव्हतं. परतायला अकरा दिवस लागले. वखारीच्या करवतीपुढे तिची हाक कोणाला ऐकू जाणार.

त्याआधीची तिची पत्रं शिंपीणच पेटीत टाकायची. म्हणाली, बिचारी सांगायची, ताईला लिहिलंय, ताई तापट आहे पण येईल.



शुक्रवार, १४
ठरवलं. 'दिवा' खोडून प्रत्येक पानावर 'कडी' लिहायचं. भर खेळात लोक वाचतील आणि तो तोंडावर आपटेल. रोजनिशी घेतली, उघडली.

पहिल्या पानावर 'कडी'. दुसऱ्यावर 'कडी'. सगळ्या एकशेचार पानांवर. शाई सुकलेली. अक्षरं मागे रेललेली.

मी लिहिलेलं नाही. सकाळपर्यंत 'दिवा' होतं.

मिटली आणि त्याच्या पेटीत ठेवून दिली. 

रविवार, १६
दुपारचा खेळ. थिएटर भरलेलं. एका मास्तरीणबाईंनी रोजनिशी उघडली. तो म्हणाला, दिवा. बाई म्हणाल्या, नाही हो. दुसरा उठला. दिवा. नाही. लोक हसायला लागले. मग त्यानं पट्टी काढली आणि खेळातलं पुस्तक जन्मात पहिल्यांदा स्वतः उघडलं. वाचत गेला, मोठ्यानं, थांबताच येत नसल्यासारखा. कडी लावून गेलास. कडी दार हलवून वाजवली. कडी बाहेर, तिचे खिळे आत; तेच चाटले, गार लागतात म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाच खेळ.

सोमवार, १७
पुढचे खेळ बंद. सगळे आपापल्या घरी गेले. शिंपीण जाताना म्हणाली, चला बाई तुम्हीही. मी म्हटलं, शिवण अर्धी आहे.

तो पुस्तकं जाळायला म्हणून बाइंडिंगच्या खोलीत गेला. मी ओसरीत होते. कडी पडली.

मी लावली नाही. काढलीही नाही.

मंगळवार, १८
दार वाजवतोय. बाई म्हणतो, मग बहीण म्हणतो, मग आई म्हणतो. दारापाशी स्टूल टाकून बसले. म्हटलं, ती कशी मेली ते तुझ्या तोंडानं सांग. जिन्यावरून म्हणाला.

मी शिवत बसले.

गुरुवार, २०
आज खरं सांगितलं. सगळं. हवं होतं ते मिळालं. कडीला हात लावला — मग वाटलं, अकरा.

शनिवार, २२
वाजवणं थांबलं. करवत चालू आहे.

शुक्रवार, २८
अकरा दिवस झाले. कडी काढली, आत गेले. टेबलावर डोकं ठेवून बसलाय. उठणार नाही. समोर सगळी पुस्तकं उघडी, प्रत्येक पानावर त्याच्या अक्षरात — मी लावली, मी लावली —

फिटलं, असं मोठ्यानं म्हणाले. वळले.

बाहेरून कडी पडली.

शनिवार
ही वही माझ्याजवळ आहे. आज पुढचं पान उलटलं तर वर एक शब्द आधीच. मी लिहिलेला नाही. मागे रेललेला.

'ताई'.

पुढचं पान. ताई. त्याच्या पुढचं —

रविवार असेल
ओरडून घसा बसला. शब्द आता एकटा नाही, खाली ओळ आलीय. सगळ्या पानांवर तीच.

ताई, तीन पत्रांत तुला एकच विचारलं होतं, त्याचं उत्तर दे.

काय विचारलं होतंस? मी फोडलीच नाहीत गं. शेगडीत — मला माहीतच नाही तू काय —

सोमवार
ओळ वाढली.

ताई, अकरा दिवसांत उत्तर दे, नाहीतर कडी निघणार नाही.