साठवलेले मैल

चऱ्होली,
मंगळवार, केंद्र बंद केल्यावर

प्रिय तनुजा,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, ह्यांच्या नंबरवरून फोन लावला तर माझं ‘हॅलो’ ऐकताच ठेवून दिलास, म्हणून ही पत्राची वेळ आली. पत्र ब्लॉक करता येत नाही, हे मी पोस्टातल्या बाईंना विचारून घेतलं आहे. भांडायला लिहीत नाहीये. माझं एक व्यवहाराचं काम अडलंय, आणि व्यवहारात तुझ्याएवढं डोकं आपल्या अख्ख्या चऱ्होलीत कुणाचं चालत नाही. भांडी घासायची पावडर घेतानासुद्धा ‘हे वसूल होतं का?’ विचारणारी तू. तर सांग बाई, माझं विमानाचं क्रेडिट कार्ड वसूल होतं का?

तू आपलं चपाती-भाजी केंद्र सोडून भुवनेश्वरला लेकीकडे गेलीस, त्यानंतरची ही गोष्ट. बँकेतली मिनल रोज डबा न्यायला यायची. एकदा डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, “काकू, चाकणच्या एवढ्या कंपन्यांना डबे देता, तेल, पीठ, गॅस सगळं रोखीनं कशाला घेता? कार्डावर घ्या, मैल मिळतील.” कार्ड म्हणजे एकदम भारीतलं. काळंभोर आणि इतकं जड, की त्यानं सुपारी फुटावी. वर्षाची फी दहा हजार. बदल्यात खरेदीवर मैल साठणार, त्या मैलांवर तिकीट मिळणार, विमानतळावर लाउंज नावाच्या खोलीत फुकट जेवण, आणि विमानात सगळ्यांच्या आधी चढायचा मान. आधी चढून करायचं काय, पोचणार सगळे एकदमच, असं तू असतीस तर तिला विचारलं असतंस. तू नव्हतीस, मी सही करून मोकळी झाले.

घरात पहिला गोंधळ सासूबाईंनी घातला. त्यांना कमी ऐकू येतं, तुला ठाऊकच आहे. मी ह्यांना कौतुकानं सांगत होते, की तेलाच्या डब्यांवर बघा किती मैल साठवले. त्या माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, “मैला? आगं बये, मैला कुनी घरात साठवतं व्हय? मैला काढून टाकायचा आसतो!” मग संध्याकाळपर्यंत मोरी न्हाणीघर हुंगत फिरल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गिरजाबाईंनी मला हळूच विचारलं, की तुमची ड्रेनेजची लाइन तुंबली का.

दुसरा पराक्रम ह्यांचा. फुकट जेवण म्हटल्यावर त्यांना राहवेना. लग्नाच्या वाढदिवसाला इस्त्रीचा शर्ट घातला, मला पैठणी नेसायला लावली आणि गाडी काढून थेट लोहगावला, विमानतळावर. दारावरच्या जवानानं तिकीट मागितलं. ह्यांनी त्याला ते काळं कार्ड दाखवलं आणि सांगितलं, “हम खाना खाने को आया है.” जवान बिचारा सज्जन. म्हणाला, “चाचा, यहाँ खाने के लिए पहले उड़ना पड़ता है.” मागे बॅगा घेऊन उभी असलेली रांग खो खो हसली. तनू, मी पैठणीत उभी होते गं! येताना रस्त्यावर वडापाव खाल्ला. ह्यांचं म्हणणं, पार्किंगचे पैसे धरले तर तो पुण्यातला सर्वांत महाग वडापाव असेल. वर गाडीत बसताना मला विचारतात कसे, “वडापाववर मैल मिळाले का गं?”

तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. खरं सांगू, घरी येऊन मी फोन हातात घेतला, तुला सांगायला. तुझ्या नावासमोर तुझा फोटोसुद्धा दिसत नाही आता. आपल्या डोक्यावरून विमान गेलं की पीठ मळता मळता तू हात जोडायचीस आणि म्हणायचीस, एकदा तरी बसायचं बाई ह्यात. आणि शेवटी बसलीस कधी, तर माझ्यावर रागावून! तोंड फिरवून गेलीस, खिडकीची सीट मिळाली की नाही तेही मला कळलं नाही.

चपातीच्या मशीनचं विचारशीलच, म्हणून सांगते. ‘मशीन आलं तर मी गेले,’ असं तू म्हणालीस, आणि मशीन आलं. मशीन अजून माझ्याकडेच आहे. चपात्या अगदी गोल होतात. एवढंच सांगते, गोल होतात. आपले डबे घेणाऱ्या गोरक्षच्या कंपनीतली पोरं त्यांना कोस्टर म्हणतात, म्हणजे चहाच्या कपाखाली ठेवायची चकती. कोस्टर काय असतं ते मी मुद्दाम विचारून घेतलं, आणि वरून रागावलेही. पण माझं चुकलं, असं काही मी इथे लिहिणार नाही. तासाला एवढ्या चपात्या तुझ्या-माझ्या मनगटांनी निघाल्या नसत्या, हे तुलाही माहीत आहे. फक्त मशीनशी गप्पा मारता येत नाहीत. मी बोलत असते, ते आपलं खडखड करतं.

आता अडचण अशी की ह्या महिनाअखेरीला माझे मैल वाया जातात आणि त्याच सुमारास नव्या वर्षाची फी भरायची आहे. कार्ड ठेवू की बंद करू, हे विचारायला मिनलकडे गेले, तर ती म्हणाली, “काकू, तुम्ही एकदाही उडाला नाहीत, तुम्हाला कसं परवडेल?” परत येताना सासूबाईंचं बोलणं आठवत राहिलं. वर्षभर मी तेला-पिठावर मैल साठवत बसले, पण मनात तुझ्याबद्दल जे साठत होतं, ते सासूबाईंना ऐकू आलं तेच होतं. आणि त्याला बँक मुदतही घालत नाही. ते ज्याचं त्यानंच काढून टाकायचं असतं. मला तुझी फार आठवण येते, तनू.

म्हणून तुझ्या पुनमला फोन केला, पत्ताही तिच्याकडूनच घेतला. तिच्यावर रागावू नकोस. ती म्हणाली, “मावशी, इथे सगळे भात खातात, तरी आई रोज ढीगभर चपात्या लाटते आणि मग कुणाला द्यायच्या म्हणून बसून राहते.” त्या रात्री मी मैल मोडले. पुढच्या गुरुवारी भुवनेश्वरला येतेय. जाताना एकटी आहे, येताना दोन तिकिटं काढली आहेत. एकावर सोबतीचं दुसरं तिकीट वर्षातून एकदा फुकट मिळतं, ते तुझ्या नावावर आहे, खिडकीचं. ॲपनं सोबत कोण आहे असं विचारलं, नवरा, मुलगा, मित्र अशी नाती दाखवली, त्यात ‘पार्टनर’ दिसलं, मी तेच दाबलं. मिनलला सांगितलं, तर ती हसून हसून बेजार. म्हणाली, “काकू, ते तसलं पार्टनर असतं!” असू दे म्हटलं, माझी एकच आहे. मशीनचं काय करायचं, कार्डाचं काय करायचं, ते इथे येऊन तू ठरव. तिकिटावरचं नाव बदलत नाही, आणि रद्द केलं तर एक रुपया परत मिळत नाही. आता ते वसूल करायचं की वाया घालवायचं, तू बघ.

तुझीच, अजून ब्लॉक असलेली,
वर्षाराणी