सुलक्षणा आता बरी आहे

सोमवार, ६ जानेवारी

नोकरी लागली, आणि तीही मावशीच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, खाली अगरबत्तीचा कारखाना. दिवसभर मोगऱ्याचा वास येतो, कामावर नाही तर देवळात आल्यासारखं वाटतं. काम म्हणजे 'ओसरी' नावाच्या बायकांच्या ऑनलाइन ग्रुपवर लक्ष ठेवायचं. भांडणं सोडवायची, आत घुसलेले वाह्यात पुरुष हाकलायचे, कोणी एकटी पडली तर दोन शब्द बोलायचे. आम्ही सगळ्या तिथे एकाच नावाने लिहितो, सुमनताई. बायकांना वाटतं ताई एकच आहे आणि ती कधी झोपत नाही. साहेबाचं नाव हितेश, पण त्याला अरेतुरे करायचं असा ऑफिसचा नियम. कणकवलीत मी कुणा साहेबाला असं बोलले असते तर बाबांनी घरात घेतलं नसतं. मजा येणार आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

विनिता मला काम शिकवते. ती इथली सगळ्यात जुनी, नखांना रोज वेगळा रंग. आज तिने 'लाल' शिकवलं. जगणं नको झालंय असं कोणी लिहिलं की ते लाल. ते आधी लपवायचं, म्हणजे बाकीच्या घाबरत नाहीत. मग तयार मजकूर चिकटवायचा: तुम्ही एकट्या नाही, या नंबरवर फोन करा. आणि पुढच्या पोस्टकडे वळायचं. कुठे आहेस, सोबत कोण आहे, हे विचारायचं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, पत्ता कळला की जबाबदारी आली ना यार. मला पटलं. नव्या माणसाला सगळंच पटतं.

बुधवार, १५ जानेवारी

माझी आवडती बाई सापडली. सुलक्षणा, माहुलची कोळीण. नवरा सोडून गेलाय, आईबरोबर मासळी विकते आणि लिहिते अशी की हसून पोट दुखावं. आज एका गिऱ्हाइकाबद्दल लिहिलं होतं. तो सगळ्या पापलेटांना नाक लावून हुंगतो, भाव पाडतो आणि शेवटी मूठभर करंदी घेऊन जातो. मी तिचं जुनं सगळं वाचून काढलं. आता ती पुढे काय बोलेल तेही मला सांगता येईल.

सोमवार, २० जानेवारी

सुलक्षणा लाल झाली. दुपारी लिहिलं, माहुलच्या जेट्टीवर बसलेय, घरी जाववत नाही, आता पुरे. मी लपवलं, मजकूर चिकटवला. तिचं लगेच आलं, ताई, हे नको, तू बोल. मी विनिताकडे पाहिलं. ती म्हणाली, लपलंय ना? मग पुढचं घे. तेवढ्यात परत आलं, ताई, आहेस ना?

मी पुढचं घेतलं. लोणच्याला बुरशी का येते, असं कोणीतरी विचारलं होतं. मी छान लांबलचक उत्तर दिलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

सुलक्षणा गप्पच आहे. बायका विचारायला लागल्यात. हितेश म्हणाला, एक गप्प झाली की दहा जणी रडतात, तिच्या खात्यातून एक गोड पोस्ट टाक. ही इथली पद्धतच आहे म्हणे, आतून कोणाच्याही खात्यात शिरता येतं. तिची भाषा मला पाठ, म्हणून मान माझा. मी लिहिलं, मी आता बरी आहे, मैत्रिणीकडे आलेय, फोन बंद ठेवलाय, काळजी करू नका, फक्त इथले बोंबील आमच्या बोंबलांपुढे फारच केविलवाणे आहेत. बायका हसल्या, रडल्या, बदाम पाठवत सुटल्या. हितेश म्हणाला, झकास. घरी येताना मी स्वतःवर खूश होते, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, २८ जानेवारी

सुलक्षणाच्या खात्यावर आज एक आवाजी निरोप आला. मथुरा, तिची आई. शेजारणीकडून खातं उघडून घेतलंय.

"बाय, बरी हायस ना? मागच्या सोमवारपासून वाट बघून डोले दमले माझे. होडीवाले खाडीत शोधत होते तुला. तुझं लिवलेलं पोलिसांना दाखवलं. ते बोलले, पोर सापडली, आता शोधायचं बंद."

शोधायचं बंद. माझ्या बोंबलांच्या विनोदावर.

बुधवार, २९ जानेवारी

हितेशला म्हटलं, पोलिसांना खरं सांगू या. तो म्हणाला, सगळ्यांची वाट लागेल, आणि पहिली तुझी, लिहिलंस तू. मग त्याने त्या खात्यात आतून शिरायची वाट बंद केली, पासवर्ड बदलला आणि फक्त मला दिला. म्हणाला, आता तूच निस्तर. विनिता नखं बघत बसली.

मी पोलिसांना फोन लावला आणि कोणी उचलायच्या आत ठेवला. मग तिच्या आईला लिहिलं, थोडे दिवस जाऊ दे, येते.

शनिवार, १ फेब्रुवारी

तिची आई रोज निरोप पाठवते. होडीवाल्यांना चहा पाजून तिने घरी पाठवलं. दुसरं लग्न कर असं परत कधी बोलणार नाही, म्हणाली. मी लिहिलं, मी — म्हणजे ती — बरी आहे. मला अन्न जात नाही. खालून मोगऱ्याचा वास आला की खिडकी लावून घेते. भीती वाटते, आणि कशाची तेही धड कळत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी खातं उघडलं. तिच्या नावाने एक उत्तर गेलेलं. आये, थंडी वाजते.

मी लिहिलेलं नाही. पासवर्ड माझ्याकडेच आहे. हितेश शपथा घेतो. विनिता उठून घरी गेली ती परत आलीच नाही.

आईचा निरोप. कुठं हायस ते सांग, गोधडी घेऊन येते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी, दुपार

खरं सांगायची हिंमत नाही माझ्यात. म्हणून लिहिलं, जेट्टीवर ये. तिथे कोणी नसेल. मग तिला कळेल, लिहिणारी तिची पोर नाही. पोलिसांत जाईल, पुन्हा शोधतील. मला तोंड उघडावं लागणार नाही.

तीच दुपार

आई पोचली. आवाजी निरोप पाठवतेय. एकटीच आहे. भरती आहे, पाण्याचा आवाज येतोय. "बाय, कोण नाय इथं."

बरं झालं. आता कळेल, आता ती परत —

हसतेय. "दिसलीस गं बाय. पाण्यात का उभी? हात कशाला हलवतंस? ये बोलतंस का नको बोलतंस?"

नको. मी लिहितेय, नको.

माझं गेलंच नाही. त्याआधी तिच्या नावाने उत्तर गेलंय. ये. मी नाही लिहिलं. आई, मी नाही — वाचलं अशी खूण आली. ती पायऱ्या उतर —