आखूड सोंडेचा रुपया

इस्लामपूर, फेब्रुवारी १९४६

तीर्थरूप नानासो यांच्या पायांशी पलटणीतून सुखरूप परतलेल्या हंबीररावाचा नमस्कार. मद्रासेच्या हवेत तुमचा दमा कसा आहे? चांदी गाळायच्या भट्टीच्या धुराजवळ फार बसू नका. इकडे तुमची बहीण शालू खुशाल असून ऊसही बरा आहे.

पत्रास कारण की, माझा नाण्यांचा अभ्यास आता चांगलाच वाढला आहे. इटलीत आमच्या कप्तानसाहेबांनी हा नाद लावला आणि येताना भिंगही दिले. (शालू त्या भिंगातून तांदूळ निवडते, ते मला पसंत नाही.) साहेबांनी शिकवले होते की टाकसाळीने मुद्दाम साचा बदलला तर तो नाण्याचा खरा वेगळा प्रकार, ठोकताना काही बिघडले तर तो नुसता दोष, त्याला फसू नये. एवढे कळल्यावर आणखी शिकण्यासारखे काही उरले आहे असे मला वाटले नाही.

दिवाळीनंतर मला पंचम जॉर्ज बादशहाचा एक रुपया मिळाला. त्यात बादशहाच्या नाकापासून एक बारीक उठावाची रेघ निघालेली. आठवड्याने वाण्याच्या गल्ल्यात तशीच रेघ असलेला दुसरा सापडला. दोष एकाच नाण्यात येईल, दोन नाण्यांत सारखाच कसा येईल? तेव्हा हा खरा प्रकार, हे मी चावडीवर जाहीर करून टाकले. तेवढ्यात जतकडचे मेंढके आपल्या शिवारात मेंढरे बसवायला आले. त्यांतल्या धोंडुबाईच्या गळ्यात रुपयांची माळ, आणि त्या माळेत तिसरा रेघेचा रुपया. मी तो मागितला.

"पैशाला न्हाई द्यायची," ती म्हणाली. "आयनं घातलेली माळ हाय. बदल्यात दुसरा चांगला रुपया असंल तर बगू."

तसा कडी लावलेला रुपया घरात एकच होता. तुमच्या मातोश्रींनी लग्नात शालूला घातलेल्या मण्यांच्या माळेतला मधला, सन १९११ चा. (नानासो, पुढचे बसून वाचा.) त्यावर बादशहाच्या झग्यावर जो बारीक हत्ती आहे त्याची सोंड आखूड दिसे. चांदी साच्यात नीट भरली नसणार, म्हणजे दोषच, असा निर्णय मी भिंगाखाली दिला, कडी सोडवून रुपया धोंडुबाईला दिला आणि तिचा घेतला. माळ पेटीत ठेवून दिली. शालू ती सणालाच काढते.

मग तिन्ही रुपये घेऊन मी सांगलीला त्र्यंबकराव मेहेंदळे वकिलांकडे गेलो. त्यांचा नाण्यांचा संग्रह मोठा आहे. त्यांनी तिन्ही रुपये ओळीने मांडले. पहिल्यात रेघ नाकापाशीच, दुसऱ्यात काठापर्यंत, तिसऱ्यात तिला फाटा फुटलेला.

"सुभेदार, साचा तडकला होता," ते म्हणाले. "नाणी ठोकत गेले तशी भेग वाढत गेली. मुद्दाम केलेला बदल असा वाढत नाही. एका साच्याची भेग हजारो नाण्यांत उतरते, म्हणून दोन सारखी मिळाली की लोक फसतात."

पुढे मला बरे वाटावे म्हणून त्यांनी खऱ्या प्रकाराचे उदाहरण दिले. १९११ च्या रुपयावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, फार ओरड झाली, आणि सरकारने पुढल्या वर्षी साचाच बदलून सोंड लांब केली. "तो पाहिलात का कधी?"

मी म्हणालो, पाहिला आहे. आवाज जरा बसला होता, पण ते सांगलीच्या पाण्याने.

परत आलो तो मेंढके आपल्या शिवारातून हललेले; गावी गेले असणार म्हणून तेव्हापासून दर आठवड्याला मी जतला जातो. धोंडुबाईच्या वस्तीवर तिचा सासरा असतो. तो दरवेळी चहा देतो आणि मेंढरे अजून वर गेलेली आहेत म्हणतो. त्याची भाषा निम्मी कानडी असल्याने वर म्हणजे नेमके कुठे, ते मला समजलेले नाही. तरी काळजीचे कारण नाही. अभ्यास पक्का आहे, फक्त एका नाण्यापुरता अंदाज चुकला.

सर्वांस यथायोग्य नमस्कार.

आपला,
हंबीरराव

ता. क. तुमच्या दुकानी जुने रुपये गाळायला येतात. त्यांत १९११ चा निघाला तर भट्टीत न टाकता गुपचूप इकडे पाठवावा. शिमग्याला शालू माळ काढेल.

दुसरा ता. क. सोंड आखूडच आहे ना, ते पाहून घ्या.

दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. धोंडुबाईची मेंढरं इथून दोन कोसांवरच बसली आहेत. आईचा रुपया तिच्या गळ्यात मी बाजारात ओळखला. मागितला तर तिनं हसत लगेच सोडून दिला, मी तिला एक लुगडं नेसवलं. महिना झाला, माळ माझ्या गळ्यातच आहे, ह्यांनी अजून पाहिली नाही. तुम्ही तसा रुपया शोधून पाठवा, त्यांना बरं वाटेल. पण घाई करू नका. जतला जातात त्या दिवशी घरात भिंग मोकळं असतं आणि माझे तांदूळ निवडून होतात.

शालू