येळवशीला तुडवलेलं घर

लातूर
१६ जानेवारी २०२४, कर

चि. श्रीशैल यास अक्काचा आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. यांचा गुडघा दुखतो, थंडी सरली की राहील म्हणतात. चाकूरच्या शेतातली तूर काढून झाली. तुमच्याकडची खुशाली विचारायची पद्धत असते म्हणून विचारते. खुशाली नाही हे मला ठाऊक आहे.

आज कर. आजच्या दिवशी भांडू नये, वर्षभर भांडण पाठ सोडत नाही, असं आपली अव्वा म्हणायची. नको सोडू दे. काल संक्रांतीला मी तिळगूळ केला, गल्लीत वाटला, शाळेत वाटला, तुझा पुडा तेवढा बांधला नाही. मला तुझ्याशी गोड बोलायचंच नाही. माझा फोन उचलत नाहीस. यांच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून कागद घेतला. फाडायचा तर फाड, पण वाचून फाड.

येळवशीच्या अवसेला, सणाच्या दिवशी, कुणी असं वागतं का रे? अख्खं लातूर त्या दिवशी घराला कुलूप लावून शेतात जातं. वैरी दिसला तरी त्याला हाक मारून कडब्याच्या कोपीत बसवतात, पानावर भज्जी वाढतात, आंबील पाजतात. आणि तू, सख्खा भाऊ, नांदेडहून गाडी करून आलास, कोपीतल्या दगडांच्या पांडवांना हात जोडलेस, आणि कोपीच्या मागं बसून तुझ्या पोरीनं, वर्षानं, मातीचं घर केलं होतं ते बुटाच्या पायानं तुडवलंस. ह्यांच्यासमोर, गड्यामाणसांसमोर. वर मला म्हणालास, "अक्का, लई झालं तुझं. पोरगी डॉक्टर व्हायला धाडलीया का कुंभार व्हायला?" आणि वर्षाचा दंड धरून तिला गाडीत घातलंस. जेवलासुद्धा नाहीस. वाढलेलं पान तसंच राहिलं.

मी तेव्हा गप्प बसले, सण होता म्हणून. आता बोलते.

लातूरला कोचिंगला ठेवायची हौस तुझी. "आत्याकडं लाड होतील, हॉस्टेलात राहू दे" हा हुकूमही तुझाच. बरं, ठेवली. रोज टेस्ट, रोज रँक, रँक घसरली की बॅच बदलायची, कालच्या मैत्रिणी वरच्या मजल्यावर आणि ही खाली. त्यात तू काय केलंस? दिवाळीच्या आधीच्या टेस्टचे तिचे मार्क घरच्या ग्रुपवर टाकलेस आणि खाली एक रडका चेहरा चिकटवलास. सगळ्या भावकीनं पाहिलं. त्या पोरीनंही पाहिलं. तुझ्या नव्या मोंढ्यातल्या दुकानात एखाद्या बियाण्याची पिशवी उगवली नाही तर तिचा फोटो तू ग्रुपवर टाकतोस का?

त्यानंतर तिचं बोलणं बंद झालं. हॉस्टेलच्या बाईंचा फोन मला आला, कारण इथं जवळची मीच. गेले तर पोरगी भिंतीकडे तोंड करून बसलेली. एक भुवई उपटून उपटून साफ केलेली. "वर्षा, काय झालं गं?" तर "काही नाही आत्या, ठीक आहे." मी तिला घरी आणलं, मनाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्याच रात्री तुला भुवईचं, गोळ्यांचं फोनवर सांगितलं. तू काय म्हणालास ते मला पाठ आहे. "नाटकं आहेत. गोळ्या दे म्हणतात तर दे, पण अभ्यास बुडता कामा नये." आणि रविवारी ती माझ्या वर्गात येऊन माती मळते असं कळल्यावर हसलास. "अक्का, तुझं ते चिखलाचं औषध आपल्या घरात नको."

चिखलाचं औषध. ऐक मग. माझ्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात दर रविवारी ही कोचिंगची पोरं येतात. मी त्यासाठी पुण्यात जाऊन रीतसर शिकून आले, हे तुला माहीत आहे. वर्गात माती असते, रंग असतात, जुन्या वह्यांची रद्दी असते, एक हलगी आहे. उदगीरचा एक पोरगा येतो, नाव सांगत नाही. तो आल्या आल्या हलगी घेतो आणि घाम निथळेपर्यंत बडवतो, मग शांत बसून डबा खातो. एक मुलगी रँकचे कागद फाडून त्याचा लगदा करते आणि त्याचे मुखवटे बनवते, दात विचकणारे. कुणी काही केलं की मी 'छान' म्हणत नाही. 'छान' म्हटलं की पोरं मला आवडेल ते करायला लागतात, आणि ते तर दिवसभर करूनच राहिलीत बिचारी. मी फक्त शेजारी बसते. विचारते, हे काय आहे, सांगावंसं वाटतं का? नसेल वाटत तर राहू दे. यात जादू काही नाही. गोळ्या लागतात त्याला गोळ्याच लागतात. पण डॉक्टरबाई स्वतः म्हणाल्या, "ह्या पोरी माझ्यासमोर 'ठीक आहे' एवढंच बोलतात. तुमच्याकडं हाताला जे येतं, ते कळलं की मला पुढचं कळतं. बंद करू नका."

वर्षा पहिल्या दिवशी नुसती माती मळत बसली. पुढच्या वेळीही तेच. मग बोटाएवढी एक कॉट केली. मग टेबल. एकदा तिनं मला विचारलं, "आत्या, मातीची माणसं वाळली की तडकतात का गं?" मी म्हटलं, ओल्या फडक्यात ठेवली तर नाही तडकत. ती हसली. इतक्या दिवसांनी हसली. घरी येऊन दीड भाकरी खाल्ली, मला भांडी घासू लागली, आणि हॉस्टेलातल्या आमटीच्या नकला करून दाखवल्या. यांना हसून हसून ठसका लागला. ती पोरगी परत येत होती श्रीशैल. आमच्या डोळ्यांदेखत परत येत होती.

आणि तू मोठ्या तोंडानं म्हणतोस काय, "आपण भूकंपातून वर आलो. आपल्याला कुणी चित्रं काढायला बसवलं होतं? सावरलोच ना?" हे तू लग्नात सांगतोस, दुकानात सांगतोस, पोरांना सांगतोस. आजपर्यंत मी ऐकून घेतलं. त्या दिवसांचं आपण दोघं कधी बोललो नाही. तू नको म्हणायचास, मी मान द्यायची. आता नाही देत.

बसवलं होतं. तुलाच बसवलं होतं.

मी चौदाची होते, तू अकराचा. पत्र्याच्या शेडात राहत होतो. तुला मातीखालून जिता काढला होता आणि त्या दिवसापासून तुझ्या तोंडातून शब्द नव्हता. अव्वा रडायची, अप्पा तुला कुठल्या कुठल्या देवाला नेऊन आणायचे. मदतीला माणसं यायची, ब्लँकेट द्यायची, फोटो काढायची, जायची. मालविकाबाई तेवढ्या राहिल्या. आठवतात का? उंच, सुती साडी, मराठी शहरातली. त्या रोज आपल्या शेडामागं पोरांना घेऊन बसायच्या, मधे मातीचा ढीग. तू रोज एक घर करायचास. माळवदाचं, वर मातीचं जाड छत, आपलं होतं तसं, पुढं ओटासुद्धा. आणि पुरं झालं की उठून पायानं तुडवायचास. रोज. शेडातल्या बायका ओरडायच्या, "अगं बाई, घर मोडतंय पोरगं! अपशकुन हाय! हाणा त्याला!" अप्पांनी एकदा हात उगारला. मालविकाबाई मधे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मोडू द्या. त्याचं घर आहे." आणि दुसऱ्या दिवशी तुझ्यापुढं पुन्हा माती ठेवली.

मग एके दिवशी तू घर केलंस, आणि आत एक लहानगी बाहुली निजवलीस. पाय उचललास आणि तसाच थांबलास. तुडवलं नाहीस. खाली बसून माळवद हळूच उचललंस, बाहुली बाहेर काढलीस, तळहातावर घेतलीस आणि म्हणालास, "सिंधु."

तो तुझा पहिला शब्द. मग तू जो रडलास! अव्वा पळत आली, तिला वाटलं तुला काही चावलं. संध्याकाळी तू मागून भाकरी खाल्लीस. तुझ्या अंथरुणात निजणारी आपली पाच वर्षांची सिंधु, जी तुझ्याबरोबर वर आली नाही, तिचं नाव तुझ्या तोंडून तेव्हा निघालं. मी तिथंच उभी होते. पुढं मी चित्रकलेची बाई का झाले, हे तू मला कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

येळवशीच्या दिवशी नांदेडला पोचल्यावर तू एकदाच फोन केलास, शिव्या द्यायला. म्हणालास, "तू तिला सिंधुचं सांगितलंस. सणासुदीला माझ्या पोरीकडून ते करवून घेतलंस. अक्का, तू माझी कुणी नव्हंस." आणि फोन ठेवलास. मला तेव्हा कळेना, हा बोलतोय काय. रात्री उलगडलं. तू त्या घराकडे पाहिलंस, छताखाली निजलेली मातीची पोर पाहिलीस, आणि तुझा पाय आपोआप उठला.

अरे, मी तिला काहीही सांगितलेलं नाही. सिंधु नावाची आपल्याला बहीण होती हे तुझ्या पोरीला आजही माहीत नाही. तिनं माळवद जन्मात पाहिलेलं नाही. ती हॉस्टेलची खोली होती. ती बोटाएवढी कॉट, ते टेबल, आणि वर स्लॅब. पार अंगाला टेकलेला स्लॅब.

त्याखालची पोर सिंधु नव्हती रे. तुझी वर्षा होती.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते. डॉक्टरबाईंना ती म्हणाली होती, "सकाळी जागच येऊ नये असं वाटतं. सगळंच थांबावं असं वाटतं." मला हे फोनवर सांगायचं नव्हतं. समोरासमोर सांगू, असं डॉक्टरबाईंचंही मत पडलं. म्हणून तर तुला येळवशीला बोलावलं होतं. सणाला तू येशील, जेवशील, मऊ होशील, आणि दुसऱ्या दिवशी आपण तिघं त्यांच्याकडे जाऊ. वेळ घेऊन ठेवली होती. तू तिला नेऊन नांदेडच्या नव्या क्लासात बसवलंस. तिच्या गोळ्या माझ्या कपाटात राहिल्या. तिसऱ्या दिवशी यांनी एसटीनं येऊन दुकानात दिल्या, तर तू त्यांना बसा म्हणाला नाहीस.

महानंदा मला फोन करते. तिच्यावर डाफरू नकोस. वर्षाची आई ती, तिनं नाही केला तर कोण करील? ती सांगते, वर्षा पुन्हा भिंतीकडे तोंड करून असते. तेव्हा पहिली गोष्ट, ती पोरगी एकटी राहता कामा नये. महानंदाला तिच्या खोलीत निजू दे. गोळी चुकवू नकोस. तिथल्या डॉक्टरांचा पत्ता मागं लिहिला आहे, उद्याच्या उद्या ने. लोक काय म्हणतील म्हणून थांबलास तर माझ्याइतकं वाईट कुणी नाही. परीक्षा पुन्हा येते, दरवर्षी येते. मला माझी भाची पाहिजे.

आणि एक. तू आलास तेव्हा वर्षा त्या मातीच्या घराजवळ नव्हती, हे तुझ्या ध्यानात आलं का? ती कोपीच्या पलीकडे गेली होती, कडब्याचं धाट मोडून आणायला. जाताना मला म्हणाली होती, "आत्या, घराला दार करायचं राहिलं." ती धाट घेऊन वळली आणि तिनं तुझा पाय पाहिला. महानंदा म्हणते, ते धाट अजून तिच्या उशाशी आहे, झाडताना हात लावू देत नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही, जाणारही नाही इतक्यात. पण मालविकाबाई तुझ्यावर रागावल्या नव्हत्या, आणि माती रोज नव्यानं ठेवायच्या. मीही ठेवली आहे, ओल्या फडक्यात. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो. तोवर तिला घेऊन ये. तू बाहेर गाडीत बसायचं नाहीस. आत येऊन तिच्याशेजारी खाली बसायचंस, आणि सिंधु कोण होती ते तिला तू सांगायचंस, मी नाही. तिच्या हातात धाट आहेच. दार तिला करू दे.

तुझी, तू कुणी नव्हंस म्हणालास तरी,
अक्का