पाणी सव्वीस अंश

सोम. ५ जानेवारी, सकाळी ७
माशाच्या टाकीतला हीटर गेला. कीर्ती म्हणते, बोईसरला धीरजच्या दुकानातून नवा आणा. आमच्या सौभाग्यवतींना सगळं दुकानातूनच आणायचं असतं. सोळा वर्षं बॉयलर सांभाळतोय मी. शंभर लिटर पाणी म्हणजे काय!
निश्चय: पाणी २६ अंशांखाली जाणार नाही. काचेवर थर्मामीटर चिकटवला. कंपनीसारखी लॉगशीट आखली, दर तासाला रीडिंग. पॅड अण्णांच्या खाटेला टांगलं, पेन दोरीने बांधलं. अर्धांग झाल्यापासून अण्णांची वाचा गेली, उजवी बाजू गेली. बाप दिवसभर शेठकडे, म्हणजे त्या ऑस्कर माशाकडे, बघत पडलेला असतो. डॉक्टर म्हणाले, तेवढाच विरंगुळा आहे, जपा.
माझ्याआधी याच बॉयलरवर अण्णा होते. पाइपला हात लावल्याशिवाय रीडिंग लिहू नको, म्हणायचे. जुना जमाना.

सकाळी ७.४०
ड्यूटीला निघायचंय. दिवसभर रीडिंग कोण घेणार? संध्याकाळपर्यंतचं भरून टाकलं. २६, २६, २६. प्लांटमध्ये सगळे हेच करतात. शिफ्ट सुरू होताच आठ तासांचं भरायचं, मग निवांत चहा. साहेब सही करतात, बॉयलरही चालतो.

मंगळ. ६
हीटर उघडला, वायर जोडली, सील केलं. पाण्यात सोडताच मेन स्विच पडला. याला अपयश म्हणत नाहीत, ट्रायल म्हणतात. कीर्तीने विचारलं, मासा शिजवायचा हाय का? दुर्लक्ष केलं. टाकीच्या झाकणात साठ वॉटचा बल्ब लावला. शीट उद्यापर्यंत भरली.

बुध. ७
शेठ तळाशी, जरासा कलता. आराम करतोय. दुकानावरून जाताना धीरजने हाक मारली. म्हणाला, दादा, सात वर्षांचा मासा हाय, थंडी नाय सोसायची त्याला, आजच हीटर न्या. मी त्याला उष्णता पसरण्याचे तीन प्रकार समजावले. त्याला गिऱ्हाईक आलं.
अण्णांत मात्र सुधारणा! डाव्या हाताने काचेवर टकटक करतात. माझ्या उपक्रमाचं यश.

गुरु. ८, सकाळी ७.३०
हवा बोचरी. स्वेटर काढला.
अण्णा लॉगशीटच्या मागे डाव्या हाताने रेघोट्या मारतात, लहान मुलागत. रेकॉर्ड खराब होतं. पॅड वरच्या खिळ्याला टांगलं. त्यांनी माझी बाही धरली, हात ओढून काचेला लावला. गार होती. काच गारच असते. बस चुकली असती, म्हणून थोपटून निघालो.
उद्या शुक्रवारची सुट्टी. मनोरला प्लांटमधल्या विपुलचा साखरपुडा. उद्या रात्रीपर्यंतचं रीडिंग आत्ताच भरलं.

शुक्र. ९, संध्याकाळी ६
लाइट सकाळी नऊला गेली, आत्ता आली. शुक्रवारी जातेच, लक्षात राहिलं नाही. बल्ब बंद, पंप बंद. कीर्तीने अकरा फोन केले. डीजेत ऐकू आले नाहीत. ती गॅसवर पाणी तापवून ओतत होती.
शेठ उलटा तरंगत होता. अण्णांचा डावा हात कोपरापर्यंत पाण्यात, तळवा माशाखाली. कीर्ती म्हणाली, दुपारपासून हात काढत नाय, ओढला की रडतात.
शीटवर सहाच्या चौकटीत २६.
लाइट गेली नसती तर जमलं असतं. सोमवारी इन्व्हर्टर बघतो.

शनि. १०, सकाळी ८
मासा आंब्याखाली पुरला. शीट फाडायला काढली, ती उलटी झाली. मागे रेघोट्या नव्हत्या. वाकडेतिकडे आकडे होते, वेळेसकट.
सोम. १० वा. २४. मंगळ. ७ वा. २१. बुध. ७ वा. १९. बुध. ४ वा. १८, खाली दोन रेघा. गुरु. ७ वा. १७.
पुढे काही नाही. पॅड मीच वर टांगलं होतं.
लाज वाटली. पॅड खाली आणलं, पेन त्यांच्या बोटांत दिलं. धरलं नाही. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेत. त्यांचा हात हातात घेतला. गार लागला. पावणेआठची बस जाऊ दिली.