सीलबंद बॅटऱ्या, धुऱ्यावरची वाट आणि माझा भाऊ खुशाल

मी, देवाजी सोमाजी वडस्कर, वय बहात्तर, धंदा शेती, राहणार मौजा सागरगुडा, तालुका जिवती, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाने किंवा कोणाच्या भरीस न पडता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्याची गरज नव्हती. पण माझा धाकटा भाऊ खुशाल चौकात मला अर्धवट म्हणतो, तेव्हा त्याचे तोंड आधीच बंद केलेले बरे.

कलम १. राहते घर आणि विहिरीखालची शेती माझी पत्नी ठमाबाई हिला, तिच्या पश्चात आमची मुलगी नीलिमा हिला. नीलिमाने बल्लारपूरहून केव्हाही यावे, कितीही राहावे. काका दारात आडवा आला तर हे कलम मोठ्याने वाचावे.

कलम २. छपरावरची सोलर पाटी, चार्ज कंट्रोलर आणि दोन नव्या सीलबंद बॅटऱ्या ठमाबाईच्या. तिला दमा आहे. वाफेचे मशीन या बॅटऱ्यांवर चालते, कारण आमच्या पहाडावरची लाईन एकदा गेली की कधी येईल हे लाईनमनलाही ठाऊक नसते. बॅटऱ्या बिघडल्या तर नुसता अंधार होणार नाही, माझ्या बायकोचा श्वास अडकेल. म्हणून पुढचे नियम पाळणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

सीलबंद बॅटरी कधीही उघडायची नाही. तिला पाणी लागत नाही. पाटीची वायर कंट्रोलरमधूनच यावी. बॅटरी भरत आली की तोच करंट कमी करतो आणि नंतर ती भरलेली राहील इतकाच पुरवठा चालू ठेवतो. मोठ्या चार्जरने घाईने भरली तर ती तापते, फुगते, आणि आतला वायू बाहेर येतो. तो वायू ठिणगीने पेटतो. बॅटऱ्या हवेशीर पडवीत सावलीत ठेवाव्यात, पेटीत कोंडू नयेत, वर गोधड्या रचू नयेत. पार रिकाम्या करून तशाच पडू देऊ नयेत. एक बदलायची झाली तर दोन्ही बदलाव्यात. उन्हाळ्यात हात लावून पाहावे. गरम लागल्या तर चार्जिंग थांबवून नीलिमाला फोन करावा. खुशालला करू नये.

कलम ३. हे सगळे मृत्युपत्रात काऊन, असे वकीलसाहेबांनीही विचारले, म्हणून कारण लिहितो. खुशालचे कोरपन्याला ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरायचे दुकान आहे. मागच्या दसऱ्याला मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चंद्रपूरला होतो. हा शहाणा आदल्या दिवशी घरी आला, माझ्या बॅटऱ्यांना ड्रिलने भोके पाडली आणि पाणी ओतले. ठमाबाई नको म्हणाली, तर म्हणाला, "वहिनी, बॅटरी म्हटलं का पानी पेतेच. तुमाले काय समजते त्यातलं?" मग कंट्रोलर काढून दुकानातला मोठा चार्जर जोडला. दसऱ्याच्या सकाळी चार्जर चालूच, बॅटऱ्या तेव्हा ज्या खोलीत होत्या तिची खिडकी बंद, आणि याने यंत्राची पूजा मांडली. बॅटऱ्यांना झेंडूचा हार घातला आणि समोर दिवा पेटवला. एक बॅटरी फुटली. तेजाब ठमाबाईच्या हातावर उडाले. मशीन बंद, तिला धाप लागलेली, अन् हा ड्रिल टाकून पळाला. शेजारच्या झाडू आत्रामने तिला दवाखान्यात नेले नसते तर हे कागद मी आज एकटाच लिहीत बसलो असतो.

एवढ्यावर भागले असते. पण याने गावभर सांगितले, "दिवा वहिनीनं लावला. तिच्या हाताले यश नाई." तेव्हापासून बाया तिला पूजेच्या ताटाला हात लावू देत नाहीत. हातावरचा डाग ती पदराखाली झाकते, याचे मला फार वाईट वाटते. ती म्हणते, "जाऊ द्या ना, भाऊ आहे तुमचा." भाऊ आहे म्हणूनच माझा राग जात नाही. परका असता तर एव्हाना विसरलो असतो.

कलम ४. खुशालला फुटलेल्या बॅटरीचे खोके आणि त्याचेच ड्रिल मिळावे. शिवाय, त्याच्या शेतात जायला माझ्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, वाटेखेरीज दुसरी वाट नाही. त्याचा ट्रॅक्टर तिथूनच जातो, आजवर मी जाऊ दिला. तो हक्क मी त्याला कायमचा देतो, मात्र एका अटीवर. त्याने या मृत्युपत्राचा साक्षीदार व्हावे, सगळा मजकूर लोकांदेखत ऐकावा, आणि सहीखाली दिवा कोणी लावला ते स्वतःच्या हाताने खरे लिहावे. न लिहिल्यास नीलिमाने धुऱ्यावर काटेरी कुंपण घालावे.

कलम ५. माझ्या तेरवीला फोटोपुढे दिवा लावावा, बॅटऱ्यांपासून दूर, अंगणात. तो ठमाबाईनेच लावावा. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी जेवायला येऊ नये.

वरील मजकूर आज ग्रामपंचायतीसमोर जमलेल्या लोकांत मोठ्याने वाचला आणि मग सही केली.

ठिकाण: सागरगुडा. दिनांक: ११ जानेवारी २०२५.

लिहून ठेवणार: देवाजी सोमाजी वडस्कर (सही)

साक्षीदार पहिला: झाडू मारोती आत्राम, शेजारी (सही)

साक्षीदार दुसरा: खुशाल सोमाजी वडस्कर (सही)
दिवा म्या लावला. वहिनीनं नाई लावला. ~~पन तेल तिनंच आनून देल्लं होतं.~~

देवाजीचा शेरा: अर्धी कबुली, अर्धा रस्ता. बैलबंडी जाईल इतकाच. ट्रॅक्टर न्यायचा असेल तर तेलाची ओळ खोडावी.

खोडली. खुशाल (सही)